वेबपानावरच्या लिंक्स कशा काढायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात शाळा, वाचनालय किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्याला दोन राज्यांच्या आणि तीन भाषांतल्या साइट्स उघडाव्या लागतात. कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीची मराठी माध्यमाची पुस्तकं, बंगळूरहून निघालेली परिपत्रकं, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या सूचना, भूमी आणि महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या साइट्सची पानं. अशा पानावर शे-दोनशे लिंक्स असल्या की एकेक कॉपी करण्यात दुपार जाते, आणि तरी दोन-चार सुटतातच. मजकूर चिकटवायची एक पेटी आणि एक बटण एवढंच असलेलं साधं साधन हे काम क्षणात करतं. ते कधी चुकतं आणि का चुकतं, हे आधी माहीत असलं की मिळालेल्या यादीवर भरवसा ठेवता येतो. पुढचे प्रश्न या भागातल्या शिक्षकांना, ग्रंथपालांना, विद्यार्थ्यांना आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांना नेहमी पडणारे आहेत.

(पत्ते, टॅग आणि सूत्रं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा.)

हे साधन नेमकं काय करतं?

वेबपानाच्या मागे एचटीएमएलचा मजकूर असतो. त्यात प्रत्येक लिंक 'ए' नावाच्या टॅगमध्ये बसवलेली असते आणि ती कुठे नेते तो पत्ता 'एचरेफ' या गुणधर्मात लिहिलेला असतो. साधन तो मजकूर वरपासून खालपर्यंत वाचतं, प्रत्येक एचरेफमधला पत्ता उचलतं आणि ओळीने मांडतं. बरी साधनं पत्त्याशेजारी लिंकवरचे शब्दही देतात, म्हणजे 'परिपत्रक क्र. ४' किंवा 'डाउनलोड' असं जे पानावर दिसतं ते.

साधन इंटरनेटवर शोध घेत नाही, समोर जो मजकूर टाकला त्यात लिहिलेलंच उचलतं. खाली सांगितलेल्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

पान सिलेक्ट करून पेटीत पेस्ट केलं, पण एकही लिंक आली नाही. का?

साधी मजकूर-पेटी फक्त अक्षरं घेते. तुम्ही पानावरून 'इयत्ता ७ वी गणित' कॉपी केलंत तर पेटीत तेवढे शब्दच उतरतात, त्यांच्यामागचा पत्ता वाटेत गळतो. पेटीत एचरेफ पोहोचलंच नाही, तर साधन काढणार काय?

पेटीत पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा एचटीएमएल मजकूर, टाकायला हवा. कॉम्प्युटरवर क्रोम, फायरफॉक्स किंवा एजमध्ये पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा. नव्या टॅबमध्ये सोर्स दिसेल. तिथे कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, मग साधनाच्या पेटीत कंट्रोल-व्ही. बटण दाबण्याआधी पेटीत कंट्रोल-एफ करून एचरेफ शोधा. तो शब्द सापडलाच नाही तर चुकीची गोष्ट पेस्ट झाली आहे.

काही साधनांच्या पेटीत रंग, ठळक अक्षरं आणि लिंक्ससकट मजकूर उतरतो. तिथे सरळ पान सिलेक्ट करून पेस्ट केलं तरी चालतं. कोणती पेटी कशी आहे हे एक लिंक पेस्ट करून लगेच कळतं: निळी, अधोरेखित दिसली तर पत्ता सोबत आला आहे.

फोनवरून करता येईल का?

येईल. अँड्रॉइडवर क्रोममध्ये पत्त्याच्या आधी 'व्ह्यू-सोर्स:' (मधल्या आडव्या रेघेसह, शेवटी कोलन, म्हणजे दोन उभे ठिपके) टाइप करून एंटर दाबलं की सोर्स दिसतो. पण लांबलचक सोर्स फोनवर पूर्ण सिलेक्ट होतोच असं नाही आणि मोठ्या पानाला ब्राउझर अडखळतो. वीस-पंचवीस लिंक्ससाठी फोन पुरतो. त्यापुढचं काम कॉम्प्युटरवर करावं.

सोर्स बरोबर दिला, तरी पानावर दिसणाऱ्या निम्म्या लिंक्स यादीत नाहीत.

याची तीन-चार कारणं असतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा, म्हणून आधी कारण ओळखा.

सगळ्यात जास्त आढळतं ते असं की पान उघडल्यावर जावास्क्रिप्ट (पानातच लिहिलेला छोटा प्रोग्राम) मागाहून माहिती आणून पानात भरतं. कंट्रोल-यूने दिसणारा सोर्स हा सर्व्हरने पहिल्यांदा पाठवलेला असतो, त्यात ही मागाहून आलेली यादी नसते. अशा वेळी एफ-१२ दाबा आणि 'एलिमेंट्स' (फायरफॉक्समध्ये 'इन्स्पेक्टर') टॅबवर जा. सगळ्यात वरच्या 'एचटीएमएल' ओळीवर उजवं क्लिक करून 'कॉपी'मधला 'आउटर एचटीएमएल'चा पर्याय निवडा. हा त्या क्षणी पडद्यावर असलेल्या पानाचा मजकूर. तो पेटीत टाकला की राहिलेल्या लिंक्स येतात. त्याआधी पान शेवटपर्यंत खाली सरकवा आणि 'आणखी दाखवा'सारखं बटण असेल तर ते संपेपर्यंत दाबा, कारण न उघडलेला भाग इथेही मिळणार नाही.

दुसरं कारण फ्रेमचं. पानाच्या आत दुसरं पान बसवलेलं असतं आणि लिंक्स त्या आतल्या पानात असतात. बाहेरच्या सोर्समध्ये आतल्या पानाचा फक्त पत्ता दिसतो. आतल्या भागावर उजवं क्लिक करा. क्रोममध्ये 'व्ह्यू फ्रेम सोर्स' मिळतं, फायरफॉक्समध्ये 'धिस फ्रेम'खाली ती फ्रेम वेगळ्या टॅबमध्ये उघडण्याची सोय आहे.

तिसरं कारण जुन्या सरकारी साइट्सवर हमखास भेटतं. यादीत पत्त्याऐवजी 'जावास्क्रिप्ट:__डूपोस्टबॅक' अशी ओळ येते. तिथे पत्ता लिहिलेलाच नसतो. क्लिक केल्यावर पान सर्व्हरला फॉर्म पाठवतं आणि सर्व्हर फाइल देतो. कोणतंही साधं साधन इथे हात टेकतं. एफ-१२ मधल्या 'नेटवर्क' टॅबवर लक्ष ठेवून एक लिंक क्लिक करा. फाइलचा स्वतंत्र पत्ता तिथे दिसला तर तो उतरवून घ्या, नाही दिसला तर त्या फाइली हातानेच उतरवाव्या लागतील. अशा पानावर साधन बदलत बसण्यात वेळ घालवू नका.

आणि काही वेळा लिंक्स अनेक पानांवर पसरलेल्या असतात. खाली १, २, ३ असे आकडे असतील तर प्रत्येक पानाचा सोर्स वेगळा काढावा लागतो. दुसऱ्या पानाचा पत्ता पाहा. त्यात 'पेज=२' असं काही असेल तर शेवटचा आकडा बदलत सगळी पानं उघडता येतात.

काही साधनं सोर्स मागत नाहीत, नुसता पानाचा पत्ता मागतात. ती जास्त सोपी नाहीत का?

सोपी आहेत, पण त्यात पान तुमचा ब्राउझर उघडत नाही, साधनाचा सर्व्हर उघडतो. तो सर्व्हर भारताबाहेर असला तर अडचण येऊ शकते, कारण काही सरकारी साइट्स परदेशातून आलेली मागणी अडवतात. तुमच्या टिळकवाडीतल्या कॉम्प्युटरवर पान व्यवस्थित उघडतं आणि साधन मात्र ४०३ (प्रवेश नाकारला) किंवा 'टाइमआउट' दाखवतं. साइट चालू असते, तुमची चूक काहीच नसते. सोर्स पेस्ट करा, काम होईल.

लॉगिन करून उघडणारी पानंही या पद्धतीने मिळत नाहीत. साधनाला तुमचं लॉगिन माहीत नसतं, त्यामुळे ते लॉगिनच्या पानावरच्याच लिंक्स काढून देतं.

यादीतले काही पत्ते अर्धवट आहेत. ते पूर्ण कसे करायचे?

वेबसाइट बनवणारे पुष्कळदा पूर्ण पत्ता न लिहिता आपल्या पानाच्या हिशेबाने लिहितात. समजा, पान 'शाळा.उदाहरण/मराठी/यादी' इथे आहे. सोर्समध्ये 'गणित.पीडीएफ' असेल तर पूर्ण पत्ता 'शाळा.उदाहरण/मराठी/गणित.पीडीएफ'. सुरुवातीला तिरकी रेघ असेल, म्हणजे '/गणित.पीडीएफ', तर मधला भाग गळतो आणि 'शाळा.उदाहरण/गणित.पीडीएफ' होतं. '../गणित.पीडीएफ' म्हणजे एक पायरी वर, या उदाहरणात पुन्हा 'शाळा.उदाहरण/गणित.पीडीएफ'. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणाऱ्या पत्त्यात साइटचं नाव आधीच असतं, पुढे फक्त 'एचटीटीपीएस:' लावायचं.

सोर्स पेस्ट केल्यावर तो कुठल्या साइटचा आहे हे साधनाला कळत नाही. म्हणून चांगल्या साधनात 'मूळ पत्ता' टाकायची वेगळी जागा असते. तिथे पानाचा पत्ता जसाच्या तसा टाका. शेवटची तिरकी रेघ ठेवणं किंवा गाळणं आपल्या मनाने करू नका: '/मराठी/' आणि '/मराठी' यांतून 'गणित.पीडीएफ'चे दोन वेगळे पत्ते तयार होतात आणि त्यातला एक चुकतो. सगळ्याच लिंक्स ४०४ (पान सापडलं नाही) देत असतील तर पहिला संशय इथे घ्या.

सोर्सच्या वरच्या भागात 'बेस' टॅग आहे का तेही पाहा. असेल तर अर्धवट पत्ते त्यात दिलेल्या पत्त्याला जोडायचे, पानाच्या पत्त्याला नाही.

मराठी आणि कन्नड पत्ते टक्क्यांच्या चिन्हांनी भरून येतात. साधन बिघडलंय का?

नाही. वेबपत्त्यात देवनागरी किंवा कन्नड अक्षर थेट जात नाही. ते यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइट्समध्ये मांडलं जातं आणि प्रत्येक बाइट '%' अधिक दोन खुणा असा लिहिला जातो. म्हणजे एका अक्षराला नऊ खुणा. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'बेळगाव'मध्ये ब, मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं आहेत, म्हणून पत्त्यात त्याच्या ५४ खुणा होतात. पत्ता लांबतो, पण बरोबर असतो.

या खुणांचा आपल्याकडे एक चांगला उपयोग आहे. देवनागरी अक्षर नेहमी %ई०%ए४ किंवा %ई०%ए५ ने सुरू होतं, कन्नड अक्षर %ई०%बी२ किंवा %ई०%बी३ ने. मिश्र यादीत एवढ्यावर गाळणी (फिल्टर) लावली की मराठी पत्ते एकीकडे आणि कन्नड पत्ते दुसरीकडे होतात, एकही लिंक उघडावी लागत नाही.

पत्ता वाचता यावा म्हणून तो ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाकून पाहा, तिथे बहुधा मूळ लिपीत दिसतो. गुगल शीट्समध्ये अक्षरांच्या खुणा करणारं 'एन्कोडयूआरएल' आहे, उलट करणारं तयार सूत्र नाही. यादी जपून ठेवताना टक्क्यांचा पत्ता तसाच ठेवा आणि वाचायला शेजारच्या रकान्यात लिंकवरचे शब्द ठेवा.

एक बारीक गोष्ट ग्रंथालयवाल्यांनी लक्षात ठेवावी. 'किनाऱ्यावर'सारख्या शब्दातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: खास ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, पत्ता मात्र वेगळा. सारखे दिसणारे दोन पत्ते साधनाने वेगळे धरले तर टक्क्यांच्या खुणा पडताळून पाहा.

पत्ता ठीक आहे, पण लिंकवरचे शब्द गिचमिड येतात.

पान जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असावं. श्रीलिपी किंवा कन्नडच्या जुन्या नुडी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांचे कोड असतो, फॉन्ट गेला की चिन्हांची खिचडी दिसते. लिंक्सवर याचा परिणाम नाही. शब्द हवेच असतील तर त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरा, आणि आधी पाच-दहा ओळी बदलून पाहा.

फक्त बेळगाव जिल्ह्याच्या लिंक्स हव्यात. गाळणी कशी लावू?

नुसतं एक नाव टाकून गाळलं तर यादी अपुरी येते. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारने शहराचं इंग्रजी स्पेलिंग बदलून 'बेळगावी'च्या उच्चाराप्रमाणे केलं. त्याआधीच्या फाइलींच्या नावात जुनं 'बेलगाम'सारखं वाचलं जाणारं स्पेलिंग आहे, आणि नंतरच्याही काही फाइलींत ते राहिलं आहे. म्हणून जुनं इंग्रजी, नवं इंग्रजी, देवनागरी 'बेळगाव'च्या टक्क्यांच्या खुणा आणि कन्नड नावाच्या खुणा अशा चार गाळण्या वेगवेगळ्या लावा आणि निकाल एकत्र करा. निपाणी इंग्रजीत एका 'पी'ने लिहितात तशी दोन 'पीं'नीही, चिकोडी एका 'के'ने तशी दोन 'कें'नीही. तीही सगळी रूपं घ्या.

खानापूरची अडचण उलटी आहे. सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, त्याचं मुख्यालय विटा. महाराष्ट्राच्या साइटवरून काढलेल्या यादीत 'खानापूर' दिसलं तर ते बहुधा तिकडचं. साइटचं नाव कोणत्या राज्याचं आहे हे पाहिल्याशिवाय ओळ उचलू नका.

कन्नड पानांवर पत्त्यापेक्षा लिंकवरचे शब्द जास्त कामाला येतात. फाइलीचं नाव नुसता आकडा असतो, लिंकवर मात्र 'सुत्तोले' (परिपत्रक), 'आदेश' किंवा 'अधिसूचने' असं कन्नड लिपीत लिहिलेलं असतं. पानावरूनच तो शब्द कॉपी करून गाळणीत टाका. जिथे सगळ्याच लिंक्सवर 'इल्लि क्लिक माडि' (इथे क्लिक करा) असतं तिथे हा उपाय चालत नाही. मग लिंकच्या आधीचं वाक्य पानावर पाहूनच ओळखावं लागतं.

यादीत नको त्या ओळी फार येतात. काय काढू, काय ठेवू?

आधी जे कधीच पान नसतं ते काढा: फक्त '#' असलेल्या ओळी, 'जावास्क्रिप्ट:', 'मेलटू:' (ईमेल) आणि 'टेल:' (फोन) यांनी सुरू होणाऱ्या ओळी. मग पुन्हा पुन्हा आलेले पत्ते एकदाच ठेवा. प्रत्येक पानाच्या डोक्यावर आणि तळाशी असलेल्या मेनूच्या लिंक्स दर वेळी येतात. त्या हटवायला त्याच साइटच्या दुसऱ्या एखाद्या पानाची यादी काढा आणि दोन्ही याद्यांत सामाईक असलेले पत्ते गाळा. हातानं मेनू शोधण्यापेक्षा हे फार लवकर होतं.

पुष्कळ सरकारी साइट्सवर प्रत्येक पान इंग्रजीत आणि कन्नडात असतं. पत्त्यातला फरक एवढाच, की एकात मधे '/एन/' असतो. त्या दुहेरी ओळी राहू द्या. एका भाषेतल्या पानावर लावलेली पीडीएफ दुसऱ्या भाषेतल्या पानावर असेलच असं नाही.

प्रश्नचिन्हापुढचा सगळा भाग एकदम कापू नका. 'यूटीएम_'ने सुरू होणारे भाग आणि 'एफबीक्लिड' हे जाहिरातीची मोजणी करणारे असतात, ते बिनधास्त काढा. पण 'आयडी=२३१' काढलंत तर दोनशे वेगवेगळी परिपत्रकं एकाच पत्त्यावर येऊन बसतील. आणि पत्ता सरसकट लहान लिपीत करू नका. साइटच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, त्यापुढच्या भागात पडू शकतो.

वेगळं साधन न वापरता गुगल शीट्समध्ये जमेल?

जमेल. ए१ मध्ये पानाचा पूर्ण पत्ता ठेवा आणि बी१ मध्ये लिहा: =इम्पोर्टएक्सएमएल(ए१,"//ए/@एचरेफ"). सगळे पत्ते बी रकान्यात खाली उतरतात. फक्त पीडीएफ हवेत तर मार्ग असा: "//ए[कंटेन्स(@एचरेफ,'.पीडीएफ')]/@एचरेफ". लहान आणि मोठ्या लिपीतलं 'पीडीएफ' वेगळं धरलं जातं, म्हणून दोन्ही करून पाहा. दुहेरी काढायला शेजारी 'युनिक' सूत्र.

याच्या दोन मर्यादा आहेत. पान गुगलचा सर्व्हर उघडतो, त्यामुळे वर सांगितलेली ४०३ ची अडचण इथेही येते, आणि जावास्क्रिप्टने भरलेली यादी दिसत नाही. शिवाय सूत्र जिवंत असतं. उद्या साइटने पान बदललं की तुमची यादी बदलेल. काम झाल्याबरोबर रकाना कॉपी करून कंट्रोल-शिफ्ट-व्हीने नुसती मूल्यं पेस्ट करून ठेवा.

एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी अक्षरं बिघडतात.

सीएसव्ही फाइलीवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) डबल-क्लिक करू नका. एक्सेल उघडा, 'डेटा'मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' घ्या. अक्षरं जागेवर येतात.

एका शीटमध्ये ६५,५३० पेक्षा जास्त चालत्या लिंक्स एक्सेल ठेवत नाही, आणि 'हायपरलिंक' सूत्राला २५५ खुणांपेक्षा लांब पत्ता दिला की चूक दाखवतं. मराठी पत्त्याला एका अक्षरामागे नऊ खुणा लागतात, म्हणजे अठ्ठावीसच्या आसपास चिन्हांतच ती मर्यादा संपते. पत्ते साध्या मजकुरासारखे ठेवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर आलेल्या लिंक्स काढायच्या आहेत.

चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, 'मोअर', 'एक्स्पोर्ट चॅट', 'विदाउट मीडिया'. मिळालेली मजकुराची फाइल साधनात टाका. इथे एचरेफ नसतो, म्हणून 'साध्या मजकुरातून' लिंक काढणारा पर्याय निवडा. वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम, स्वल्पविराम किंवा कंस पत्त्याला चिकटून येतो आणि लिंक मोडते. न उघडणाऱ्या ओळीचं शेवटचं चिन्ह आधी तपासा. छोट्या केलेल्या लिंक्स छोट्याच राहतात, त्यामागचा खरा पत्ता उघडल्यावरच कळतो.

त्या फाइलीत ग्रुपमधल्या लोकांचे नंबर आणि बोलणं असतं. ती कोणत्याही ऑनलाइन साधनात टाकू नका, आपल्या कॉम्प्युटरवर चालणारं साधन घ्या.

पीडीएफमधल्या लिंक्स निघतात का?

ज्या पीडीएफमध्ये मजकूर सिलेक्ट होतो, तिच्यातून निघतात. पत्ता दोन ओळींत मोडला असेल तर पहिलाच तुकडा येतो, तो हातानं जोडा. स्कॅन केलेल्या परिपत्रकात फक्त चित्र असतं. त्यावर आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) करावं लागतं, आणि त्यात एल, आय, १ तसंच ओ आणि ० यांची अदलाबदल ठरलेली.

लिंक्स चालू आहेत का ते कसं तपासायचं?

लिंक तपासणारं साधन प्रत्येक पत्त्याला एक आकडा देतं. २०० म्हणजे मिळालं. ३०१ म्हणजे कायमचं हललं, नवा पत्ता उतरवून घ्या. ४०४ म्हणजे तिथे काही नाही. ४०३ किंवा ४२९ आलं तर लिंक मेली असं समजू नका. पहिल्यात साइटने साधनाला अडवलं आहे, दुसऱ्यात तुम्ही फार भरभर विचारताय. ५०३ आलं तर काही तासांनी पुन्हा पाहा.

काही साइट्स पान नसलं तरी २०० देतात आणि मुखपृष्ठ दाखवतात. वेगवेगळ्या पीडीएफ लिंक्स एकाच पानावर जात असतील तर त्या मेलेल्याच धरा.

मेलेला पत्ता फेकून देण्याआधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर टाकून पाहा. जुन्या स्पेलिंगच्या पत्त्यांवर असलेली बरीच पानं तिथे मिळण्यासारखी असतात.

साधन चांगलं आहे का, हे वापरण्याआधी कसं ओळखायचं?

मराठी विकिपीडियावरचा बेळगावचा लेख उघडा आणि त्याचा सोर्स द्या. त्यात अर्धवट पत्ते, टक्क्यांचे पत्ते, त्याच पानात इकडून तिकडे नेणाऱ्या '#'च्या उड्या, बाहेरच्या साइट्स आणि लाल लिंक्स असं सगळं एकाच पानात मिळतं. लाल लिंक्सच्या पत्त्यात शेवटी 'रेडलिंक=१' असतं, म्हणजे तो लेख अजून लिहिलेलाच नाही. साधनाने मूळ पत्ता जोडून सगळे पत्ते पूर्ण केले का ते पाहा. पत्त्यात '&एएमपी;' तसंच राहिलं असेल तर साधन एचटीएमएल नीट उलगडत नाही, अशा लिंक्स पुढे फसतात.

दुसरी परीक्षा टिप्पण्यांची. साइटवाले जुनी लिंक न पुसता सोर्समध्ये '<!--' आणि '-->' यांच्यामध्ये झाकून ठेवतात. अक्षरांचा साचा शोधणारी साधी साधनं तीही उचलतात आणि पानावर नसलेली परिपत्रकं यादीत येतात. एचटीएमएलची रचना समजून वाचणारं साधन ती सोडून देतं. तेच घ्या.

ऑनलाइन साधनात सोर्स टाकणं सुरक्षित आहे का?

सगळ्यांना खुल्या असलेल्या पानाचा सोर्स टाकायला हरकत नाही. लॉगिन केल्यानंतरच्या पानाचा मात्र कधीच टाकू नका. सेवा सिंधू, बँक किंवा शाळेच्या पोर्टलच्या सोर्समध्ये अर्जदाराचं नाव, अर्ज क्रमांक आणि चालू लॉगिनची खूण असू शकते. सेवा केंद्रात दुसऱ्यांचे अर्ज भरणाऱ्यांनी हा नियम काटेकोर पाळावा.

साधन सगळं तुमच्याच ब्राउझरमध्ये करतं की मजकूर बाहेर पाठवतं, याची ढोबळ चाचणी अशी: साधनाचं पान उघडा, नेट बंद करा, मग मजकूर टाकून बटण दाबा. यादी आली तर काम तुमच्या कॉम्प्युटरवर होतंय. काम झाल्यावर नेट चालू करण्याआधी तो टॅब बंद करा.

कायद्याने चालतं का?

खुल्या पानावरच्या लिंक्सची स्वतःच्या कामासाठी यादी करणं वेगळं आणि त्या लिंक्समागचा मजकूर उचलून आपल्या नावाने छापणं वेगळं. दुसऱ्यासाठी परवानगी लागते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ विनापरवाना माहिती काढून घेण्याबद्दल आहे, म्हणून साइटच्या अटी आणि यंत्रांनी साइटचा कोणता भाग उघडू नये हे सांगणारी तिची 'रोबॉट्स.टीएक्सटी' फाइल आधी वाचा. साइटच्या नावापुढे ते लिहिलं की ती उघडते. 'मेलटू:' आणि 'टेल:'मधून लोकांचे ईमेल आणि नंबर गोळा करून जाहिराती पाठवू नका. अनेक पानं एकामागून एक उघडताना मधे दोन-तीन सेकंद थांबा. तालुका पातळीवरच्या साइट्सचे सर्व्हर लहान असू शकतात, आणि निकालाच्या दिवशी त्यावर आधीच गर्दी असते.

जांबोटी-कणकुंबीकडे नेटवर्क जेमतेम असतं. नेटशिवाय काम होईल?

नेट असलेल्या जागी पानं उघडून कंट्रोल-एसने जपून ठेवा, प्रकार 'वेबपेज, कम्प्लीट'. ही फाइल पुढे नोटपॅडमध्ये उघडली की सोर्स मिळतो आणि नेटशिवाय चालणाऱ्या साधनात टाकता येतो. क्रोम अशा फाइलीच्या वरच्या भागात मूळ पानाचा पत्ता लिहून ठेवतो, तो 'मूळ पत्ता'च्या जागेत टाका. फाइलीला नाव देताना साइट आणि तारीख लिहा, कारण 'इंडेक्स' नावाच्या दहा फाइली जमल्या की कोणती कुठली ते उघडल्याशिवाय कळत नाही. लिंक्स तपासायचं काम तेवढं नेट मिळेल तेव्हासाठी ठेवा.